३४ लाखांची पॉलिसी राहू द्या, आधी अण्णांचा पीपीओ शोधा

गुहागर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. थोडं आटोपशीर करून देतो.

"सर, माझे वडील (आम्ही अण्णा म्हणतो, वय ७९) १९६६ साली मुंबई पोलिसात शिपाई म्हणून लागले आणि २००४ मध्ये सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. नायगावच्या पोलीस लाइनीतली खोली खाली करून तेव्हाच सगळे गावी आलो. पेन्शन रत्नागिरी कोषागारातून गावच्या बँकेत येते. मूळ पेन्शन १५,७००, हातात साधारण २३,४००. आई ७४ वर्षांची. धाकटा भाऊ ४६ वर्षांचा, जन्मापासून बौद्धिक दिव्यांग. जेवण, आंघोळ स्वतः करतो, पण पैशांचा व्यवहार कळत नाही, एकटा बाहेर जाऊ शकत नाही. मी ५० वर्षांचा, वाडीत दुकान आहे, महिना २५-३० हजार सुटतात. बायको आणि बारावीतली मुलगी. अण्णांची २२ लाखांची एफडी राष्ट्रीयीकृत बँकेत आहे, ६ लाख इथल्या पतसंस्थेत साडेदहा टक्क्यांनी. अण्णा, आई आणि भाऊ यांचा खर्च औषधांसकट महिना २८,०००.

बँकेतल्या मॅडमनी गॅरंटीड प्लॅन सांगितला आहे. वर्षाला २ लाख, १० वर्षं भरायचे, १५ वर्षं पूर्ण झाल्यावर ३४ लाख. विमा माझा, नॉमिनी भाऊ, हप्ता अण्णांच्या एफडीतून. अण्णांनंतर भावाची सोय व्हावी एवढाच हेतू आहे. महिनाअखेरपर्यंत निर्णय द्यायचा आहे. हा घ्यावा की दुसऱ्या कंपनीचा चांगला आहे?

अण्णा १९८२ च्या पोलीस संपानंतर सात महिने निलंबित होते, त्याचा आईच्या पेन्शनवर परिणाम होईल का? निवृत्तीच्या फॉर्मवर कारकुनाने फक्त आईचं नाव लिहायला सांगितलं होतं, कारण मुलं मोठी झाली होती. आईचं नाव त्यात माहेरचं पडलं आहे. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात पोलिसांना घरं मिळतायत, त्यात आमचा हक्क लागतो का? आणि सागरी महामार्ग झाला की आमच्या ४० गुंठ्यांना भाव येईल, तेव्हा भावाच्या नावाने मोठी रक्कम टाकावी असा विचार आहे. पेन्शनची स्लिप सोबत जोडली आहे."

प्लॅन घेऊ नका. दुसऱ्या कंपनीचाही नको. चेक देऊन बसला असाल तर पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. मुद्रांक, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे थोडे पैसे कापून बाकीचे परत येतात. अर्ज बँकेतल्या मॅडमकडे नाही, विमा कंपनीकडे द्या आणि पोच घ्या. मॅडमकडे दिलात तर तिसावा दिवस उलटेपर्यंत तुम्हाला चहा मिळत राहील.

हिशेब दोन मिनिटांचा आहे. २० लाख भरायचे, ३४ घ्यायचे. 'सत्तर टक्के फायदा' असं ऐकवलं असणार. पण पहिला हप्ता १५ वर्षं अडकतो, शेवटचा सहा वर्षं. वर्षाचा दर काढला तर पाच टक्क्यांच्या किंचित वर येतो. गॅरंटी खरी आहे, पण ती पाच टक्क्यांची आहे. हेच हप्ते सात टक्क्यांनी साठले तर साडेएकेचाळीस लाख होतात.

त्याहून वाईट म्हणजे हप्ता जाणार कुठून? २२ लाखांच्या एफडीवर आज साधारण १२,००० महिना व्याज येतं आणि ते तुमच्या घरखर्चात जातं, कारण पेन्शन २३,४०० आणि खर्च २८,०००. वर्षाला २ लाख मुद्दलातून काढलेत तर पाच वर्षांनी एफडी १२ लाखांवर येईल, दहाव्या वर्षी २ लाखांवर. व्याजही तसंच आटत जाईल. म्हणजे अण्णा ८९ आणि आई ८४ वर्षांची असताना, औषधपाण्याला सर्वांत जास्त पैसे लागतील त्या काळात, घरात रोकड नाही आणि ३४ लाख पाच वर्षं दूर. पैसे येतील तेव्हा अण्णा ९४, आई ८९, तुम्ही ६५ आणि भाऊ ६१ वर्षांचा. सोय नेमकी कोणाची झाली?

नॉमिनीचंही बघा. विमा कायद्यात पैशाचा थेट मालक होणारा नॉमिनी म्हणजे आईवडील, नवरा-बायको आणि मुलं. भाऊ त्यात बसत नाही. उद्या तुमचं काही झालं तर भावाने घेतलेली रक्कम तुमच्या वारसांसाठी घेतलेली ठरते. शिवाय तो स्वतः दाव्याच्या फॉर्मवर सही करू शकत नाही. हे बँकेत कोणी सांगितलं नाही, याचं मला नवल वाटत नाही.

प्लॅनचा विषय इथे संपला. तुमच्या पत्रातलं सर्वांत महाग वाक्य दुसरंच आहे: "कारकुनाने फक्त आईचं नाव लिहायला सांगितलं होतं."

२००४ मध्ये तुमचा भाऊ २५ वर्षांचा होता. कारकुनाच्या दृष्टीने तो वयोमर्यादा ओलांडलेला मुलगा, म्हणून त्याने नाव गाळलं. नाव गाळण्याचं हे नेहमीचं कारण आहे. ज्या पिढीने निळी अर्धी विजार आणि पिवळी टोपी घालून बारा-बारा तास बंदोबस्त केला, ती पिढी साहेबाच्या टेबलासमोर उभं राहून 'पण माझा धाकटा तसा आहे' असं सांगत नसे. लाइनीतल्या दहा बिऱ्हाडांना माहीत असायचं, नोकरीच्या नोंदींच्या सर्व्हिस शीटला माहीत नसायचं.

नियम असा. पेन्शनर गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन आधी पत्नीला मिळतं. ती गेल्यावर ते पात्र मुलाकडे जातं. मुलगा धडधाकट असेल तर ठरावीक वयापर्यंतच. म्हणून तुम्हाला काही मिळणार नाही, आणि ते बरोबरच आहे. पण मुलाला असं शारीरिक किंवा मानसिक अपंगत्व असेल की तो उपजीविका कमावूच शकत नाही, तर त्याला ते तहहयात मिळतं, पालकामार्फत.

आता रक्कम. कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के असतं. अण्णांची पूर्ण पेन्शन वेतनाच्या ५० टक्के होती, म्हणजे त्यांच्या मूळ पेन्शनच्या ६० टक्के धरा. १५,७०० चे ९,४२०. त्यावर महागाईवाढ धरली तर आजच्या भावाने साधारण साडेचौदा हजार. अण्णांनंतर आईला एवढे आणि आईनंतर भावाला एवढेच, वाढत्या महागाईवाढीसह. वर्षाचे पावणेदोन लाख. एवढं व्याज सात टक्क्यांनी मिळवायला २५ लाख मुद्दल लागेल, आणि ते व्याज महागाईबरोबर वाढणार नाही. महागाईबरोबर वाढणारं उत्पन्न हवं तर ३४ लाखही कमी पडतील.

म्हणजे तुम्ही बँकेत जी वस्तू शोधत होता, ती अण्णांनी ३८ वर्षांच्या नोकरीत कमावून ठेवलेली आहे. फक्त तिच्यावर भावाचं नाव नाही. अण्णा हयात आहेत, सही करतात, तोवर हे काम एका अर्जाचं आहे. ते गेल्यावर आईला करावं लागेल. आई गेल्यावर तुम्हाला तीन कार्यालयांना पटवून द्यावं लागेल की हा त्यांचाच मुलगा, तो जन्मापासून असाच, आणि एवढी वर्षं कोणी कळवलं नव्हतं. मिळतं तेव्हाही. पण दोन-तीन वर्षं जातात आणि तेवढा काळ खर्च तुमच्या गल्ल्यातून होतो.

अण्णांचा अर्ध्या विजारीतला फोटो घरात भिंतीवर असेलच. पीपीओ, म्हणजे पेन्शन प्रदान आदेश, बहुतेक पलंगाखालच्या ट्रंकेत असतो. आज तो काढा आणि तीन गोष्टी बघा: पीपीओ क्रमांक, पत्नीचं नाव आणि जन्मतारीख, कुटुंबाच्या तपशिलात कोण कोण आहे. सापडला नाही तर रत्नागिरीच्या जिल्हा कोषागारात त्यांची प्रत असते. क्रमांक बँकेच्या पासबुकावर किंवा स्लिपवर मिळेल.

पहिली दुरुस्ती आईची. पीपीओवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, हे कोकणात घरोघर आहे. एकीला दोन नावं असतात आणि आधारवर जन्मतारीख १ जानेवारी. हयात पेन्शनरच्या अर्जाने ही दुरुस्ती सरळ होते. अर्जासोबत विवाहाचा पुरावा, आधार, पॅन आणि 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र लागतं. राजपत्रात नावबदल प्रसिद्ध केलेला असेल तर उत्तम. जन्मतारीख मनाने टाकू नका, शाळेचा दाखला शोधा. ऐंशी पूर्ण झाल्यावर पेन्शनमध्ये वाढ मिळते, कुटुंब निवृत्तिवेतनातही, आणि ती या तारखेवरूनच मोजतात. अण्णांचे ८० पुढच्या वर्षी होतील, त्यांची वाढ लागली का ते त्या महिन्याच्या स्लिपवर बघा.

मग भावाचं दिव्यांग प्रमाणपत्र. जुना 'मतिमंद' लिहिलेला कागद असेल तर तो जपून ठेवा, पण त्यावर आज काम होत नाही. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करा, रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय निवडा. बौद्धिक अपंगत्वासाठी बुद्ध्यांकाची चाचणी होते, तिचा दिवस ठरलेला असतो. फोन करून विचारून जा, नाहीतर गुहागरहून फेरी फुकट जाते. प्रमाणपत्रावर 'कायमस्वरूपी' आहे ना, ते तिथेच वाचा. 'तात्पुरते' पडलं तर दर काही वर्षांनी हीच वारी.

इथे बहुतेक जण एक चूक करतात. यूडीआयडी कार्डावर टक्केवारी असते. पेन्शनला टक्केवारी पुरत नाही. 'या अपंगत्वामुळे हा इसम स्वतःची उपजीविका कमावण्यास असमर्थ आहे' असं शल्यचिकित्सकांच्या दर्जाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. अर्जात हे वाक्य आधीच टाईप करून न्या. कार्डाची झेरॉक्स जोडून पाठवलेलं प्रकरण या एका ओळीसाठी मुंबईहून परत येतं.

अपंगत्व लहानपणापासूनचं आहे, हेही कागदावर दिसायला हवं. नायगावच्या लाइनीतल्या मुलांना नागपाड्याच्या पोलीस रुग्णालयात नेत असत. तिथला एखादा पिवळा पडलेला केसपेपर, शाळेतून काढल्याचा दाखला, विशेष शाळेतलं प्रगतिपुस्तक, जे हाती लागेल ते. आईच्या पेटीत बघा. औषधांच्या चिठ्ठ्या आया टाकत नाहीत.

हे सगळं जोडून अण्णांचा अर्ज कुठे जायला हवा? बँकेत नाही. बँक फक्त पैसे वाटते. तिथे दिलेला अर्ज ड्रॉवरमध्ये झोपतो. कोषागारही स्वतःच्या अधिकारात नाव घालू शकत नाही. अर्ज जातो ते ज्या कार्यालयातून निवृत्त झाले तिथे, म्हणजे बृहन्मुंबई पोलीस आयुक्तालयाकडे. तिथून प्रस्ताव मुंबईच्या महालेखापालांकडे आणि तिथून आदेश रत्नागिरी कोषागाराला. अर्जावर पीपीओ क्रमांक, निवृत्तीची तारीख, शेवटची नेमणूक आणि बक्कल नंबर (पोलिसाचा खात्यातला क्रमांक) ठळक लिहा. बक्कल नंबराशिवाय १९६६ सालच्या शिपायाचं शीट शोधणं म्हणजे शिमग्याच्या गर्दीत हरवलेली चप्पल शोधणं. चार संच करा. एक स्पीड पोस्टाने आयुक्तालयाला, एक प्रत कोषागाराला देऊन शिक्का घ्या, एक तुमच्याकडे आणि एक भावाच्या फाइलमध्ये, जी तुमच्या मुलीलाही माहीत असेल. दर दोन महिन्यांनी स्मरणपत्र. तरी हालचाल नसेल तर माहिती अधिकारात 'माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली' एवढंच विचारा. दहा रुपयांचं काम आहे.

पालकत्व तिसरं. अठरा वर्षांनंतर आईवडीलही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. बौद्धिक अपंगत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांना ती कायदेशीर पालक नेमून देते. कोर्टात जावं लागत नाही. पण समिती रोज बसत नाही, महिने लागतात. आज आईचं वय ७४ आहे, म्हणून अर्जात पालक म्हणून तुमचंच नाव द्यावं, आईवडिलांच्या लेखी संमतीने. आईचं नाव घातलंत तर दहा वर्षांनी हीच प्रक्रिया पुन्हा. रत्नागिरीला जाल तेव्हा रुग्णालय, कोषागार आणि जिल्हाधिकारी कार्यालय अशी तिन्ही कामं एका फेरीत होतील अशी तारीख घ्या.

याच न्यासाची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे. १ लाखापर्यंत, आधी तपासणी न करता. भावाला घ्या. अण्णा आणि आई दोघेही सत्तरीपुढचे आहेत. त्यांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान भारतचं ५ लाखांचं कार्ड मिळतं, ते काढलं नसेल तर या आठवड्यात काढा. बँकेतल्या मॅडम आता आरोग्य विमा घेऊन येतील, त्यांना हे सांगा.

आता एक अशी गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत आणि तुमच्या लक्षातही आलेली दिसत नाही. स्लिपवर 'अंशराशीकरण वजा ९००' अशी ओळ आहे. निवृत्तीच्या वेळी अण्णांनी पेन्शनचा एक भाग विकला, एकरकमी पैसे घेतले. विकलेला भाग १५ वर्षांनी परत सुरू होतो. २००४ मध्ये १५ मिळवले की २०१९. ही वजावट सहा वर्षांपूर्वीच थांबायला हवी होती. वर्षाचे १०,८०० प्रमाणे सहा वर्षांचे साधारण ६५,०००. महागाईवाढ पूर्ण मूळ पेन्शनवर मिळत असते, त्यामुळे तोटा एवढाच, पण तो दर महिन्याला वाढतो आहे. हे कोषागाराचं काम. अंशराशीची रक्कम नेमकी कोणत्या तारखेला मिळाली ते पीपीओवर किंवा त्या वेळच्या पासबुकात बघा, १५ वर्षं तिथून मोजा आणि पुनःस्थापना व थकबाकी असा साधा अर्ज द्या. वाडीत आणखी कोणी पोलीस, एसटी नव्हे हं, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले चाकरमानी असतील तर त्यांच्याही स्लिपा बघा. एसटीचा हिशेब वेगळा.

१९८२ ची भीती काढून टाका. १८ ऑगस्टच्या त्या संपानंतर जे बडतर्फ झाले आणि परत घेतलेच गेले नाहीत, त्यांच्या घरचं गणित वेगळं होतं. अण्णा परत रुजू झाले आणि रीतसर निवृत्त झाले. त्या काळी पूर्ण पेन्शनला ३३ वर्षांची अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी, सेवा लागत असे. त्यांची ३८ झाली. ते सात महिने सगळेच्या सगळे वजा केले तरी ३७ वर्षं उरतात. आणि पूर्ण पेन्शन एकदा मंजूर झाल्यावर आईच्या पेन्शनला त्याचा काही संबंध नाही.

बीडीडीचं उत्तर एका ओळीत: नाही. १५ लाखांत ५०० चौरस फूट ही सवलत तिथल्या खोल्यांत राहत असलेल्या पोलीस कुटुंबांसाठी आहे, तुम्ही २००४ मध्ये चावी परत केली. कोणी 'ओळख आहे, नाव घालून देतो' म्हणून पैसे मागितले तर त्याला गडग्याबाहेर काढा.

आणि ४० गुंठे. सात-बारा नीट वाचा. पत्रात तुम्ही 'आमचे ४० गुंठे' म्हणता, पण ही वडिलोपार्जित जमीन असेल तर त्यावर अण्णांच्या भावांची, त्यांच्या वारसांची आणि दिल्या घरी गेलेल्या आत्यांची नावं असणार. समजा फक्त पाच हिस्से धरले तरी अण्णांचे आठ गुंठे. त्यात पुन्हा आई, तुम्ही आणि भाऊ. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या गप्पा ऐकून कोकणातल्या पारावर दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. रस्ता होईल तेव्हा होईल. भावकीच्या सह्या त्याहून उशिरा होतील. ती जमीन हिशेबात शून्य धरा. कलमांचे दोन पैसे आले तर गणपतीत मोदक जास्त करा.

आता २८ लाखांचं काय करायचं ते. आधी पतसंस्था. साडेदहा टक्क्यांनी ६ लाखांवर ६३,००० मिळतात. तेच पैसे पोस्टात ८.२ टक्क्यांना ठेवले तर ४९,०००. जास्तीचे वर्षाला चौदा हजार. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेत माणशी ५ लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतही. पतसंस्थेतल्या ठेवीला तो अजिबात नाही. संस्था अडली तर चौदा हजारांच्या हिशेबाने ६ लाख भरून निघायला ४३ वर्षं लागतील. 'चेअरमन आपल्याच गावचे आहेत' हे तारण नव्हे. मुदत संपेल तशी ठेव काढून घ्या, आणि मुदत लांब असेल तर एखाद्या टक्क्याचा दंड भरूनही काढा. 'या वेळी नको, पुढच्या महिन्यात या' असं उत्तर आलं तर घाई दुप्पट करा.

पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. आज ८.२ टक्के, पाच वर्षं, पुढे तीन वर्षं वाढवता येते, मर्यादा माणशी ३० लाख. आईच्या नावाने २० लाख ठेवा. अण्णांच्या नावाने नको, कारण ते गेल्यावर खातं हस्तांतर करण्याची धावपळ आईच्या मागे लागेल. तिमाहीला ४१,००० येतील, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीत. महिन्याला साधारण १३,७००. पाच लाख राष्ट्रीयीकृत बँकेत एक, दोन आणि तीन वर्षांच्या एफडीत तोडून ठेवा. तीन लाख बचत खात्यात किंवा कधीही मोडता येईल अशा ठेवीत, अण्णांच्या आणि आईच्या नावाने, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' अशा पद्धतीने. रात्री चिपळूणला न्यायची वेळ आली तर ते तीन लाख. इन्कम टॅक्स लागत नाही, पण पोस्टात आणि बँकेत १५एच (कर लागत नाही असं सांगणारा फॉर्म) भरून द्या, नाहीतर टीडीएस कापून घेतील.

आता गणित पुन्हा लावा. आज पेन्शन २३,४०० अधिक पुनःस्थापनेचे ९०० अधिक १३,७००, म्हणजे ३८,०००. खर्च २८,०००. दहा हजार उरतात. अण्णांनंतर आईचे १४,५०० आणि १३,७००, म्हणजे २८,२००, खायला दोन तोंडं. आईनंतर भावाचे १४,५०० अधिक त्याच्या वाट्याच्या पैशांचं व्याज. तुमच्या गल्ल्याला कुठेच हात लागत नाही. भावाचं नाव पीपीओवर गेलं नाही तर मात्र या तिसऱ्या टप्प्यात साडेचौदा हजारांचं भगदाड पडतं, आणि महागाईबरोबर वाढत जाणारं ते भगदाड बुजवायला वीसेक वर्षांत सगळे २८ लाख संपतील.

भावाच्या नावाने मोठ्या ठेवी टाकण्याचा विचार सध्या सोडा. तो उपजीविका कमावू शकत नाही या आधारावर पेन्शन मागायची आणि त्याच्याच पॅनवर वर्षाला दीड-दोन लाख व्याज दाखवायचं, हे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं आहे. शिवाय ती ठेव मोडायला सही कोण करणार? पैसे आईच्या नावाने असू द्या आणि अण्णा-आई दोघांची मृत्युपत्रं करा. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण करा. गुहागरच्या दुय्यम निबंधकाकडे अर्ध्या दिवसाचं काम. दोन साक्षीदार हवेत, दोघेही ज्यांना काही मिळणार नाही असे, आणि अण्णांचं वय बघता त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र. भावाला किती, राहत्या घरात त्याचा तहहयात राहण्याचा हक्क, पैसे पालक म्हणून कोण सांभाळणार, आणि तुमच्यानंतर कोण, हे चार मुद्दे स्पष्ट लिहा. ट्रस्ट वगैरे कोणी सुचवेल. एवढ्या रकमेला वकील आणि हिशेबनीस पोसणं परवडणार नाही.

'माझ्यानंतर कोण' हा प्रश्न तुम्ही पत्रात टाळलात. या घराचा पुढचा खांब तुम्ही आहात, आणि तुमच्यावर विमा नाही असं दिसतं. ६५ वयापर्यंतचा २५ लाखांचा साधा मुदत विमा घ्या, ज्यात शेवटी काहीही परत मिळत नाही असा. तब्येत ठीक असेल आणि तंबाखू नसेल तर त्याचा हप्ता मॅडमनी सांगितलेल्या २ लाखांच्या दहाव्या भागात बसावा. प्रस्तावात बीपी, साखर आणि तंबाखू खरं लिहा. नॉमिनी बायको. तिच्याशी आणि मुलीशी भावाबद्दल एकदा उघड बोला. मुलीला फाइल दाखवा म्हणालो ते त्यासाठीच.

क्रम असा ठेवा: या आठवड्यात पीपीओ आणि बँकेला नकार, या महिन्यात अंशराशीकरणाचा अर्ज आणि यूडीआयडी, दिवाळीपर्यंत आयुक्तालयाचा अर्ज रवाना. पोस्टाचं खातं एफडीची मुदत बघून. दोन-तीन महिन्यांत संपत असेल तर थांबा.

नोव्हेंबरात अण्णांना हयातीच्या दाखल्याला बँकेत न्याल, तेव्हा आईलाही बरोबर न्या. तिचा अंगठा मशीनवर उमटतो का ते बघून घ्या. आयुष्यभर भांडी घासलेल्या बोटांच्या रेषा मशीन ओळखत नाही. तसं असेल तर आधार केंद्रात बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद आताच नव्याने करून घ्या.